तुला आठवणारे बाबा

भाऊ,

परवा विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींनी पंचशील दिलं, मिलमधले तुझे दोन जुने सोबती बोलले, आणि मग कुणीतरी म्हणालं, आता बहिणीनं दोन शब्द बोलावेत. मी वीस वर्षं शाळेत शिकवणारी बाई. समोर माणसं बसलेली दिसली की माझं तोंड आपोआप चालू होतं. पण परवा मी उभी राहिले, तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि परत खाली बसले. वहिनीनं पाण्याचा पेला पुढे केला. लोकांना वाटलं, हिला रडू आलं. रडू नव्हतं आलं. जे सांगायचं होतं ते तुलाच सांगायचं होतं, आणि ते चार लोकांत सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून आज शाळेला सुटी टाकून, नागपुरातल्या तुझ्याच इंदोऱ्याच्या घरी, तुझ्या खाटेवर बसून लिहिते आहे. आत वहिनी आणि तुझी संघमित्रा तुझे कपडे घड्या करून ठेवताहेत. मधूनच दोघींचं बोलणं थांबतं. तुझा खोकला नसला की हे घर इतकं शांत असतं, हे मला माहीत नव्हतं.

मी बाबांना पाहिलं नाही. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा म्हटलं आहे की त्यातलं दुःख कधीच झिजून गेलं. बाबा रस्ते बांधणाऱ्या पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशात गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी आईच्या पोटात. लढाई संपता संपता ते गेल्याचा कागद कामठीला आला. ते कसे गेले हे त्या कागदात नव्हतं. आई त्यांच्याबद्दल कधी काही बोलली नाही. बिड्यांचं सूप मांडीवर घ्यायची आणि खाली मान घालून पानं वळत राहायची. मग बाबा मला दिले ते तू. मी चारपाच वर्षांची, तू नऊ-दहा वर्षांचा, आईनं वळलेल्या बिड्यांना दोरा बांधता बांधता तू सांगायचास आणि मी ऐकायचे. बाबा तुला खांद्यावर घेऊन कन्हान नदीवर न्यायचे. बाबांना हिरवी मिरची कच्ची खायची सवय होती आणि खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ते म्हणायचे, तिखट कुठं आहे. बाबांची शीळ स्टेशनपर्यंत ऐकू जायची. आणि शेवटची गोष्ट, जी मी रोज मागायचे: कामठी स्टेशनवर गाडी सुटताना बाबा खिडकीतून वाकून आईला म्हणाले, पोरगी झाली तर तिचं नाव शेवंता ठेव.

भाऊ, त्या एका वाक्यावर मी मोठी झाले. शाळेत हजेरी घेताना माझं नाव पुकारलं की मला वाटायचं, हाक बाबांची आहे, मास्तर नुसते पोचवताहेत. दीक्षेच्या दिवशी आपण तिघं पांढरे कपडे घालून कामठीहून पायी नागपूरला निघालो होतो. मी तेरा वर्षांची होते. वाटेत मी तुला विचारलं होतं, "बाबाले चाललं असतं का गा हे?" तू क्षणभरही न थांबता म्हणालास, "बाबा असते तं आपल्या आघी निघाले असते." मग मी उरलेली सगळी वाट, आपल्या पुढे चालणाऱ्या एका पांढऱ्या पाठीकडे बघत चालले. ती पाठ कुणाची होती कोण जाणे. माझ्यासाठी ती बाबांची होती.

सोळाव्या वर्षी तू मिलमध्ये लागलास. मी मास्तरीण व्हावं म्हणून तू काय काय केलंस ते मी इथे मांडत बसत नाही, तुला ते आवडायचं नाही. तुझ्या छातीत कापूस जाऊन बसला आणि माझ्या हातात खडू आला, एवढंच म्हणते.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नागपुरातले काही उपासक रंगूनला जाणार असल्याचं तू विहारात ऐकून आलास. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तू माझ्या शाळेच्या फाटकाशी सायकल टेकवून उभा राहिलास, मी बाहेर आले तर म्हणालास, "दोघांचं नाव देऊन आलो. सात दिवस राहू देतेत तिथं. बाबाचं नाव कोरलं आहे म्हणतेत गावाबाहेर." मी म्हटलं, "कुणी सांगितलं?" तू खिशातून कागद काढलास. तू कुठं कुठं अर्ज केले होतेस, मला पत्ताही लागू दिला नव्हतास. त्या उत्तरात लिहिलं होतं की बाबांची समाधी नाही, राख कुठे आहे ते माहीत नाही, पण रंगूनजवळच्या लढाईतल्या मृतांच्या स्मशानात, खांबांवर, त्यांचं नाव आहे.

हावड्याची गाडी, मग कलकत्त्याहून विमान. विमानात तू पूर्ण वेळ डोळे मिटून बसला होतास आणि मी खाली बघत होते. समुद्र लोखंडी पत्र्यासारखा दिसत होता, हलतच नव्हता. बाबा याच पाण्यावरून बोटीनं गेले असतील, त्यांना पाणी सोसलं असेल का, असं मी तुला विचारलं. तू डोळे न उघडता म्हणालास, "झोप वं थोडी."

रंगून मला आजही नीट आठवत नाही, म्हणजे शहर आठवावं तसं आठवत नाही. सकाळचं धुकं, त्यातून अनवाणी येणारी भिक्षूंची लांब रांग, झाडाच्या सालीचा पिवळसर लेप गालांना लावलेल्या बाया, आणि कुठूनही मान वर केली की धुक्यात अधांतरी तरंगणारं सोनं. ते पॅगोड्याचं शिखर आहे हे कळायलाच मला दोन दिवस लागले. ज्यांच्या घरी आपण उतरलो होतो त्या खिनबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचं खरं नाव लांब होतं, आपण आपल्या जिभेला सोयीचं केलं. त्या मोडकं हिंदी बोलायच्या आणि तुला ताटात आणखी भात वाढताना "खाव भैया" म्हणायच्या. तू दुसऱ्याच दिवशी तिथली लुंगी नेसून फिरू लागलास. नागपुरातल्या कुणी ओळखलं नसतं इतका तू तिथे हसलास. आपण परक्या देशात आहोत असं आपल्याला एकदाही वाटलं नाही. वाटत होतं, खूप आधी इथे राहून गेलो आहोत आणि मधली वर्षं कुठेतरी दुसरीकडे काढली.

चौथ्या दिवशी बाकीची मंडळी ध्यानकेंद्र बघायला गेली आणि आपण दोघं एका खडखडणाऱ्या जीपमधून शहराबाहेर निघालो. तासाभरानं जीप थांबली. फाटकाच्या आत एवढी हिरवळ होती की मी चपला काढल्या. दगडी पाट्यांच्या रांगा, प्रत्येक पाटीशी एक फुलझाड, आणि मध्ये लांबच लांब खांबांची ओसरी. वर आभाळ, खाली खांब, खांबांवर नावंच नावं. कुणी नव्हतं. लांब एक म्हातारा माळी कात्रीनं गवत कापत होता, त्या कात्रीचा आवाज तेवढा येत होता.

माळी आपल्याकडे आला. त्याचा आजा बिहारातून तिकडे गेलेला. त्यानं विचारलं, "नंबर है?" तू पलटणीतला बाबांचा नंबर एका दमात म्हणून दाखवलास. लहानपणी पाढे म्हणायचास तसा. आईच्या पेन्शनच्या कागदावर तो होता आणि तू तो कधी पाठ केलास मला माहीत नव्हतं. माळ्यानं वही आणून पाहिली. बाबांचं नाव गणपत, आणि वहीत दोन गणपत होते. एकाच नावाची माणसं असली की पुढे नंबर कोरलेला होता, म्हणून आपले बाबा सापडले. पण ते फार वर होते. माझा हात पुरेना, तुझाही पुरेना. म्हातारा गेला आणि बांबूची शिडी घेऊन आला.

तू म्हणालास, "तू चढ. मीनं धरली आहे."

मी पदर खोचला आणि चढले. नाव इंग्रजीत होतं, सहा अक्षरं आणि नंबर. आडनाव नाही, गाव नाही, जात नाही. दगड गार होता. मी पहिल्या अक्षराच्या खोबणीतून बोट फिरवायला सुरुवात केली आणि शेवटच्या अक्षरापर्यंत आले. पस्तीस वर्षांची बाई मी, पण मला पाटी गिरवणाऱ्या मुलीसारखं वाटत होतं. धुकं उतरत होतं, उन्हाचा एक पट्टा त्या अक्षरांवर आला. मला वाटलं, आता फक्त एक गोष्ट हवी, मग सगळं पुरं होईल. मी वरूनच म्हटलं, "भाऊ, ते स्टेशनवरचं सांग नं. बाबा काय म्हणाले ते. इथं सांग, त्यायच्यासमोर."

मी वाकून पाहिलं. तू दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, मान वर करून उभा होतास. तुझे डोळे भरले होते.

"शेवंता," तू म्हणालास, "मले काहीच आठवत नाही वं."

"काय म्हणून राहिला भाऊ तू?"

"बाबा आठवत नाही मले. तोंड नाही, आवाज नाही, काहीच नाही. तुले जे सांगत आलो ते सारं मीनं मनानं बनवलं. ते नदीवरचं, मिरचीचं, स्टेशनवरचं. सारं."

मी शिडीवरून खाली कशी आले ते मला आठवत नाही. माळी थोड्या अंतरावर पाठ करून उभा होता, एवढं आठवतं. तू मेणबत्ती आणली होतीस, ती आपण खांबाच्या तळाशी लावली, वंदना म्हटली. तुझा आवाज लागत नव्हता आणि मी तुला साथ दिली नाही. जीपमध्ये मी बाहेर बघत बसले. तू दोनदा बोलायला तोंड उघडलंस. मी तुला बोलू दिलं नाही.

त्याच संध्याकाळी खिनबाई आपल्याला सोन्याच्या पॅगोड्यावर घेऊन गेल्या. थंड संगमरवरावर हजारो अनवाणी पाय, घंटांची किणकिण, आणि दिवेलागणीला ते सोनं आतून उजळल्यासारखं. तिथे पॅगोड्याभोवती वारांचे कोपरे आहेत. ज्याचा जन्म ज्या वारी झाला, त्यानं त्या कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर पाणी घालायचं. खिनबाईंनी मला विचारलं, "आपका दिन कौन सा?" मी म्हटलं, माहीत नाही. माझ्या जन्माची तारीखसुद्धा शाळेत मास्तरांनी टाकलेली, एक जुलै.

तू मागून हळूच म्हणालास, "शुक्रवार."

मी वळून पाहिलं. मला राग आला होता. आता हेही बनवून सांगतोस का, असं माझ्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असणार, कारण तू लगेच म्हणालास, "हे बनवलेलं नाही. तू झाली तो दिवस आठवते मले. शुक्रवारचा बाजार होता कामठीचा. दाईनं मले घराबाहेर काढलं, शेजारच्या मावशीनं बाजारात नेलं. दिवाळी होऊन गेली होती. फुलवालीच्या टोपलीतून एक पिवळं फूल खाली पडलं होतं, ते मीनं उचललं. घरी आलो तं तू आईजवळ होती. ते फूल मीनं तुह्याजवळ ठेवलं. आई म्हणाली, काय आणलं गा? मी म्हटलं, शेवंती. तवापासून तुले शेवंताच म्हणाले सारे."

तू पाण्याचा चांदीसारखा पेला माझ्यापुढे धरलास.

"बाबाचं काहीच आठवत नाही मले," तू म्हणालास. "तू आलेली आठवते."

भाऊ, मी तो पेला घेतला, शुक्रवारच्या मूर्तीवर पाणी घातलं आणि तुझ्याशी काहीही न बोलता पुढे चालू लागले. आज तो क्षण माझ्या हातात असता तर मी काय केलं असतं, हे तुला सांगायची गरज आहे का? पण तेव्हा मला दिसत होतं ते एवढंच, की माझं नाव ठेवणारा माणूस त्या सकाळी मेला. बाबा सगळ्यांसाठी लढाईत मेले, माझ्यासाठी त्या शिडीवर मेले.

परतीच्या गाडीत रायपूर सुटल्यावर तू स्वतःच बोललास. म्हणालास, आई सगळं ऐकायची, कधी टोकायची नाही. एकदा तू मला बाबांच्या शीळ घालण्याची गोष्ट सांगत होतास, तेव्हा आईचे हात थांबले, ती हसली आणि म्हणाली, "हे तं मलेही मालूम नव्हतं गा." तेव्हापासून तू आणखी सांगू लागलास, कारण आता ऐकणाऱ्या दोघी होत्या. मी विचारलं, "बाबाले माहीत तरी होतं का, मी झाली म्हणून?" तू म्हणालास, "शेजारच्या गुरुजीकडून पत्र लिहून घेतलं होतं आईनं. जवाब नाही आला." आणि मग म्हणालास, "मीनं लहानपणी खोटं बोलायले नव्हतं पाहिजे. माफ कर."

तिथून आपलं ते भांडण सुरू झालं, जे कधी भांडणासारखं दिसलंच नाही. मी दर रविवारी यायचे. वहिनी चहा ठेवायची, मी संघमित्राच्या अभ्यासाबद्दल विचारायचे, तू सांगायचास. बाबांचं नाव मात्र कुणी काढायचं नाही. आणि वर्षातून एकदोनदा, मी निघताना, तू फाटकापर्यंत यायचास आणि म्हणायचास, "राग आहे का वं अजून? पोरवयात बोललो वं, खोटं बोललो, चुकलं." मी म्हणायचे, "जाऊ दे."

तू चुकीच्या गोष्टीची माफी मागत राहिलास, भाऊ, आणि मी तुला सांगितलं नाही. तू खोटं बोललास म्हणून मी कधीच रागावले नव्हते. तू ते परत घेतलंस म्हणून रागावले होते. एवढी वर्षं जपलंस, आणखी तेवढीच जपायचं होतंस. मला खरं कुठं हवं होतं? हे मी तुला म्हणाले असते तर तू काय उत्तर दिलं असतंस तेही मला माहीत आहे. त्या दगडावर त्यांचं खरं नाव होतं, त्याच्यासमोर तुला खोटं बोलवलं नाही. तुझं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. आता हे मिटायचं कसं, तूच सांग.

आणि खरं सांगू? राग असा राहिलाही नव्हता. हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं होतं की खांद्यावर घेऊन फिरवणारा, मिरची खाऊन रडणारा, पोरीचं नाव ठेवून जाणारा तो माणूस कुठून तरी आलाच असणार. नऊ वर्षांच्या पोरानं तो दुसऱ्या कुणाकडे पाहून बनवला नव्हता, कारण आपल्या आसपास तसं कुणी नव्हतं. तुला जसा बाप हवा होता तसा तू मला दिलास, आणि स्वतः त्याच्याशिवाय राहिलास. हे मला कळलं तेव्हा तुझ्याकडे यायचं, तुझ्यासमोर बसायचं आणि बोलायचं, एवढंच करायचं होतं. मी आले, बसले आणि विचारलं, औषध घेतलंस का.

आता शेवटच्या दिवसाचं.

तू गेलास त्याच्या आदल्या दुपारी ऊन चांगलं होतं. वहिनीनं तुझी खाट अंगणात घेतली होती आणि ती रेशनच्या दुकानात गेली होती. संघमित्रा कॉलेजात. मी तुझ्या पायाशी बसून संत्रं सोलत होते. तू खूप वेळ झोपेत होतास की जागा होतास ते कळत नव्हतं. मग एकदम अगदी स्पष्ट आवाजात म्हणालास, "शेवंता, एक माणूस दिसून राहिला मले."

"कोण गा?"

"खाकी कपड्यातला. खाली बसला आहे. माह्या पायातला काटा काढून राहिला. बाभळीचा. टाचणी दातात धरली आहे त्यानं. काटा निघाला तं तळहातावर ठेवून मले दाखवते, पाह्य केवढा, म्हणते." तू थांबलास. श्वास लागला होता. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत विचारलंस, "हे मीनं तुले कधी सांगतलं होतं का? आठव बरं नीट. त्या गोष्टीतलीच गोष्ट आहे का ही?"

सांगितलं होतंस भाऊ. कितीतरी वेळा सांगितलं होतंस. खाकी कपडे, दातातली टाचणी, तळहातावरचा काटा, सगळं. मी शाळेत जाताना मुद्दाम लंगडत जायचे त्या दिवसांत, मलाही कुणी काटा काढावा म्हणून.

मी म्हटलं, "नाही भाऊ. हे तू मले कधीच नाही सांगतलं."

"पक्कं?"

"पक्कं. पहिल्यांदाच ऐकून राहिली मी."

तू आभाळाकडे पाहिलंस. तुझ्या तोंडावर जे आलं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मंग हे खरं असन वं," तू म्हणालास.

मग तू गोधडीतून उजवा पाय बाहेर काढलास. कसाबसा. म्हणालास, "पाह्य बरं, खूण आहे का कुठं." मी संत्रं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि तुझं पाऊल मांडीवर घेतलं. मिलच्या फरशीवर इतकी वर्षं उभं राहिलेला तळवा, भेगाच भेगा, त्यात काय दिसणार होतं. मी टाचेजवळच्या एका जागेवर बोट ठेवलं.

"आहे," मी म्हटलं. "ही काय."

"बाबानं काढला होता तो काटा," तू म्हणालास, आणि वहिनी फाटकातून आत येईपर्यंत तू तुझा पाय माझ्या हातात तसाच राहू दिलास.